चौथ्याच्या वर

"कोंबडी तपकिरी," ताई फोनवर म्हणाली. "पांढरी म्हणालास तर तिथल्या तिथे थांबवीन तुला. सगळ्यांदेखत."

तिचा मधला भाऊ तेव्हा एका नऊमजली इमारतीच्या डोक्यावर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये, गुडघ्यांवर बसून ब्रेकचे नट आवळत होता. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरलेला.

"पांढरी कोण म्हणालं?"

"धाकटा. गेल्या वर्षी. मी पाहुण्यांसमोर गप्प बसले, एवढंच."

"बाबासुद्धा एकदा पांढरी म्हणाले होते."

"एकदा! तेव्हा त्यांना ताप होता. तापातलं धरायचं नसतं."

ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. म्हणजे पगार थांबला होता. मुख्याध्यापिका असणं चालू होतं.

"आणि चष्मा?" तिने विचारलं.

"मला चष्मा नाही, ताई."

"मग काढणार काय? बाबा चष्मा काढून सुरुवात करायचे. चष्मा काढल्याशिवाय गोष्ट सुरू झाली हे लोकांना कळायचं कसं? कुणाचा तरी घेऊन ये. बरोबर एक वाजता. सव्वा नाही."

फोन बंद झाला. मधल्याने शेवटचा नट आवळला, आसपास कुणी नाही हे पाहिलं आणि घसा खाकरून मोटरीला म्हणाला, "तर त्या दिवशी होता शनिवार." मोटर गप्प राहिली. गेले तीन दिवस तो वेगवेगळ्या इमारतींतल्या मोटरींसमोर सराव करत होता. सगळ्यांचं मत एकच दिसत होतं.

गोष्ट बाबांची होती. बाबा सरकारी कचेऱ्यांच्या एका सातमजली इमारतीत चौतीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते आणि एवढ्या काळात त्यांच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट जमा झाली. ती नोकरीच्या आठव्याच दिवशी घडली. उरलेली वर्षं त्यांनी ती सांगण्यात काढली. घरात नवा जावई आला की सांगायचे, वीज गेली की सांगायचे, वीज परत आली की राहिलेली पुरी करायचे.

शनिवारची दुपार. कचेऱ्या सुटत आलेल्या. लिफ्टमध्ये तिघं: एक न्यायाधीश, एक दातांच्या डॉक्टरीणबाई, आणि पाचव्या मजल्यावर टायपिस्ट असलेल्या बहिणीसाठी कोंबडी घेऊन निघालेला एक माणूस. वीज जाते. लिफ्टच्या दारावरचा, मजला दाखवणारा काटा चारच्या थोडा पुढे. म्हणजे लिफ्ट चौथ्याच्या वर, पाचव्याच्या खाली, अर्ध्यात. बाबा सात मजले धावत मशीनरूममध्ये जातात, ब्रेक सोडतात आणि मोटरीचं चाक हाताने फिरवायला लागतात. तीन तास फिरवतात. आत न्यायाधीश पहिल्या तासात कायदा सांगतात, दुसऱ्या तासात मृत्युपत्र सांगतात. डॉक्टरीणबाई अंधारात नुसत्या आवाजावरून कुणाची कुठली दाढ किडली आहे ते ओळखतात. आणि तिसऱ्या तासात कोंबडी न्यायाधीशांच्या टोपीत अंडं घालते. शेवटी लिफ्ट पाचव्याला लागते. दार उघडतं. बाहेर इमारतीचे मोठे साहेब उभे, लालबुंद. "काय झालं? कुठे अडकली होती लिफ्ट?" न्यायाधीश तोंड उघडणार, एवढ्यात कोंबडीवाला पुढे होतो, तपकिरी कोंबडी काखेत, आणि म्हणतो—

इथे बाबांना हसू यायचं. साधंसुधं नाही. खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, ते हाताने "थांबा, थांबा" करायचे, आणि पुन्हा "म्हणतो—" म्हणून पुन्हा कोसळायचे. मग त्यांच्याकडे बघून सगळं घर हसायचं. आई पाण्याचा पेला पुढे करायची. बाबा पाणी प्यायचे, चष्मा लावायचे, आणि जेवण वाढा म्हणायचे. शेवट कुणीच कधी ऐकला नव्हता. त्यामुळे कुणाचं काही अडलंही नव्हतं.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. ताईने नियम घालून दिला: दर वर्षी बाबांच्या वाढदिवसाला सगळ्यांनी तिच्याकडे जेवायचं आणि तिघा भावंडांपैकी एकाने गोष्ट सांगायची. पहिल्या वर्षी तिने सांगितली, शुद्धलेखनासकट. दुसऱ्या वर्षी धाकट्याने सांगितली. तो जाहिरातीत आहे. त्याने डॉक्टरीणबाईंना गाणं म्हणायला लावलं. या वर्षी पाळी मधल्याची.

मधल्याला हसता येत नव्हतं. मुळातच तो कमी हसायचा, पण तीन वर्षांत तेही बंद पडलं होतं. रडायचंही राहूनच गेलं. बाबांना रुग्णालयातून खाली आणताना नेमकी तिथली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, आणि सगळे "आता काय" करत असताना ती यानेच वर जाऊन चालू केली. बाकीचे रडले, तेव्हा हा हात धूत होता.

हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून धाकट्याने सोय केली होती. त्याने शेवट लिहिले होते. तीन. घरच्या ग्रुपवर टाकून मतं मागवली होती. एकात कोंबडीवाला विचारायचा, "साहेब, कोंबडीला धरून चार माणसं, लिफ्टला ओझं जास्त झालं का?" दुसऱ्यात म्हणायचा, "न्यायाधीशसाहेब, निकाल द्या, अंडं कुणाचं?" तिसऱ्यात तो आयुष्याबद्दल बोलायचा. बहुमत दोन नंबरला पडलं होतं.

"तू फक्त 'म्हणतो'पर्यंत ये," धाकट्याने आदल्या दिवशी समजावलं होतं. "तुला हसू नाही आलं तर नाही आलं. पुढचं मी घेतो. दादा, आता बाबा नाहीत हसायला. लोकांना शेवट लागतो."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीपासून तोच शेवट. पक्का."

ते 'पक्का' त्याच्या डोक्यात तेव्हापासून खडखडत होतं, सैल नटासारखं.

---

ताईकडे जाताना त्याला ग्रीसकाकांना घेऊन जायचं होतं. ग्रीसकाका म्हणजे बाबांच्या हाताखालचे तेल-ग्रीसवाले. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी कधी ऐकलं नव्हतं. वय ऐंशीच्या पुढे. राहायला तळमजल्यावर.

"चाळीस वर्षं लिफ्टला तेल दिलंय," ते विचारणाऱ्याला सांगत. "म्हणून तळमजला."

गेली दोन वर्षं बोलावलं की ते गुडघे पुढे करायचे. या वर्षी स्वतःच फोन करून म्हणाले, "यंदा तुझी पाळी ना? येतो."

मधल्याची गाडी म्हणजे मागे हत्यारं भरलेली छोटी व्हॅन. काका पुढे बसले, पट्टा लावण्यावरून थोडं भांडले आणि मग म्हणाले, "काय रे, चेहरा असा का? मोटर जळल्यासारखा."

"गोष्ट सांगायचीय."

"मग सांग की. तोंडपाठ असेल."

"तोंडपाठ आहे. म्हणूनच." मधला सिग्नलला थांबला. लाल दिवा मोठा होता. "काका, एक विचारू? अर्धा मजला वर घ्यायला चाक किती वेळ फिरवावं लागतं?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. "लागतो वेळ."

"अठरा मिनिटं लागतात. मी फिरवलंय. त्याच इमारतीत, त्याच चाकावर. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. घड्याळ लावून."

"बापाला विचारलंस?"

"विचारलं. म्हटलं, बाबा, अर्ध्या मजल्याला तीन तास कसे लागले? म्हणाले, कोंबडी जड होती."

काका हसले नाहीत. मागच्याने हॉर्न दिला, मधल्याने गाडी काढली.

"तीन तासांत अठरा मिनिटं किती वेळा बसतात?" काकांनी विचारलं.

"दहा वेळा."

"दहा अर्धे मजले म्हणजे?"

"पाच मजले," मधला म्हणाला, आणि पुढच्या वळणाला वळायचं ते वळलाच नाही. सरळ गेला.

"चुकलास," काका म्हणाले. "जाऊ दे. पुढून वळ. बरं झालं, वेळ मिळेल." त्यांनी पट्टा सैल केला. "तुझी ताई एवढी मास्तरीण, पन्नास वेळा गोष्ट ऐकली, पण गणित नाही केलं कधी. लिफ्ट तळाशीच होती रे. दार लागलं, वीतभर उचलली आणि वीज गेली."

"आणि काटा? चारवर होता ना?"

"काटा आदल्या दिवसापासून चारवरच अडकलेला. त्याला तेल द्यायचं राहिलं होतं." "तेल द्यायचं काम कुणाचं, ते विचारू नकोस."

मधल्याने पुढचं वळण घेतलं.

"म्हणजे खालचं दार नुसतं हाताने सरकवलं असतं—"

"तर वीतभर पायरी उतरून तिघं आपापल्या घरी गेले असते. आम्ही त्यांना पाच मजले वर नेलं. हाताने. मी पाचव्यावर उभा, लिफ्ट आली की ओरडायला. येतेय कुठली! मला वाटलं, हा वर झोपला. वर जाऊन बघतो तर हातांचं कातडं निघालेलं आणि हा फिरवतोय. म्हटलं थांब. तर म्हणाला, अर्धाच मजला आहे, होईल आता."

रस्त्याच्या कडेला एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. मधल्याने त्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

"आतल्यांना कळलं नाही?"

"कोंबडीवाल्याला कळलं, त्यानेच नंतर सांगितलं. तो खाली बसला होता ना, कोंबडीपाशी. दाराच्या फटीतून त्याला तळमजल्याच्या फरशा दिसत होत्या. त्याने आत सांगितलंही, अहो आपण खालीच आहोत. न्यायाधीश म्हणाले, गप्प बसा, मी मजले मोजलेत, आपण चौथ्याच्या वर आहोत. झालं. न्यायाधीशच म्हणाला म्हटल्यावर पुढे अपील कुठे? मग फरशा गेल्या, भिंत आली, पहिला मजला गेला, दुसरा गेला. हा सगळं बघत होता. बोलला नाही."

"आणि वर दार उघडल्यावर साहेबांनी विचारलं, कुठे अडकली होती."

"साहेबही लिफ्टच्याच कामातून वर आलेले. अठरा मिनिटांचं गणित त्यांनाही येत होतं. तुझ्या बापाची नोकरी कच्ची, आठवा दिवस. मी वरून तुझ्या बापाच्या मागोमाग उतरलेलो, जिन्यात उभा. कोंबडीवाला पुढे आला. तुझ्या बापाच्या हातांकडे बघितलं. आणि साहेबांना म्हणाला, 'न्यायाधीशसाहेब म्हणतात तेच खरं. चौथ्याच्या वरच होतो. या पोरानं ओढलं म्हणून पोचलो.' आणि जाता जाता तुझ्या बापाला डोळा मारला."

ताईची इमारत दिसायला लागल्यावर मधल्याने विचारलं, "बाबांनी शेवट का नाही सांगितला?"

"आधी साहेब होते, सांगायची सोय नव्हती. साहेब गेले तोवर गोष्ट तशीच बसली होती. आणि हसायचा ते खोटं नव्हे हं. मशीनरूममध्ये एकटा असताना हसायचा, मी पाहिलंय." काकांनी पट्टा काढायची खटपट सुरू केली. "तो माणूस खरं बोलला असता तर नोकरी गेली असती. नोकरी गेली असती तर तुझ्या आजोबांनी मुलगी दिली नसती. मग तुम्ही तिघं आज कुणाची पोरं असता, कुणास ठाऊक. हे कसं उघडतं रे?"

---

ताईचं घर सहाव्या मजल्यावर. बैठकीत बाबांचा फोटो, खाली ताईच्या अक्षरात त्यांची जन्मतारीख आणि 'कामात कधीही चूक नाही' ही ओळ. मधला या ओळीखाली तीन वर्षं जेवत आला होता. आज त्याला ती फोटोपेक्षा मोठी वाटली.

"एक वाजून दहा," ताई म्हणाली.

"वळण चुकलो."

"तू? वळण?" तिने काकांना वाकून आत घेतलं. "या काका, तुमच्यासाठी टेकायची खुर्ची ठेवलीय."

जेवणं झाली. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, पदराशी चाळा करत. धाकट्याने खिशातून एक कार्ड काढून पाहिलं आणि परत ठेवलं. दोन नंबरचा शेवट त्याने जाड कागदावर छापूनच आणला होता. ताईची नवी सून सगळ्यात पुढे येऊन बसली. तिच्या लग्नाला तीन महिने झाले होते, गोष्ट तिने अजून ऐकली नव्हती, आणि तीन महिन्यांत निदान नऊ जणांनी तिला "तू ऐकलीच नाहीस?" असं विचारलं होतं.

"चल," ताई म्हणाली. "चष्मा."

मधल्याने खिशातून बायकोचा वाचायचा चष्मा काढला, लाल फ्रेमचा, डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. धाकटा खोकला.

"तर त्या दिवशी होता शनिवार."

तो वाईट सांगत होता. त्याला ते कळत होतं. न्यायाधीश आले, डॉक्टरीणबाई आल्या, सगळे रांगेत उभे राहिल्यासारखे आले. कोंबडी तपकिरी आली. ताईने मान डोलावली. सून अदबीने हसत होती, तीन महिन्यांची सून हसते तेवढंच.

मग वीज गेली आणि बाबा जिना चढू लागले.

"सात मजले," मधला म्हणाला. इथपर्यंत पाठ होतं. पुढचंही पाठच होतं, पण तोंडातून वेगळंच यायला लागलं. "बावीस वर्षांचा पोरगा. आठवा दिवस. त्याने ब्रेक सोडला आणि चाक फिरवायला घेतलं. अर्धा मजला, म्हटलं, आत्ता होईल. एक तास झाला. हाताला फोड आले. त्याने रुमाल गुंडाळला. दोन तास झाले. रुमाल फाटला. तो म्हणाला, अर्धाच तर आहे."

"हे नव्हतं रे," ताई हळूच म्हणाली.

"असू दे," आई म्हणाली.

आई गोष्टीच्या मध्ये कधी बोलत नसे.

मधल्याने लिफ्टच्या आत नेलं सगळ्यांना. कायदा झाला, मृत्युपत्र झालं, दाढ झाली, टोपीत अंडं पडलं. सून खरोखर हसली, तोंडावर हात घेऊन. वर चाक फिरत होतं. त्याला ते दिसत होतं; त्याच चाकावर त्याने स्वतः घड्याळ लावून अठरा मिनिटं मोजली होती आणि त्या वेळी बाबांची चूक सापडल्याचा आनंदही झाला होता. लिफ्ट पाचव्याला लागली. दार उघडलं. साहेब लाल. न्यायाधीश तोंड उघडणार, एवढ्यात कोंबडीवाला पुढे झाला, त्याने त्या पोराच्या हातांकडे पाहिलं—

"हातांकडे?" धाकटा पुटपुटला.

"—आणि म्हणतो—"

शेवट त्याच्या जिभेवर होता. खरा, पुरा, तीन वाक्यांपुरता. त्याने वर पाहिलं. भिंतीवर 'कामात कधीही चूक नाही'.

"म्हणतो—"

मधल्याचे खांदे हलायला लागले. त्याने एक हात वर केला, थांबा, थांबा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बाबांना यायचं तसंच, नाकाच्या दोन्ही बाजूंनी. पुन्हा एकदा "म्हणतो" म्हणायला गेला आणि अर्ध्यातच कोसळला. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग ताई हसली. मग धाकटा. मग सगळं घर सुटलं, कुणी गुडघ्यावर थापा मारतंय, कुणी भिंतीला टेकलंय. "अगदी बाबा!" ताई डोळे पुसत म्हणत होती. "बघा, अगदी बाबा!"

मधल्यासमोर पाण्याचा पेला होता. तो घ्यायला हात पुढे केला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आई तो घेऊन कधीचीच उभी होती. त्याच्या तोंडून 'म्हणतो' निघायच्या आधीपासून.

"पण मग?" सून म्हणाली. "काय म्हणाला तो?"

हा प्रश्न त्या घरात गेल्या साठ वर्षांत कुणी विचारला नव्हता, असं नाही. पण विचारणारा नेहमी हसत असायचा. हिला खरंच उत्तर हवं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्चीतल्या काकांकडे वळली. "काका, तुम्ही तर तिथं होतात ना?"

"होतो," ग्रीसकाका म्हणाले. "पण त्या दिवशी माझ्या कानात तेल गेलं होतं."

"आणि आता?"

"तेच तेल."

धाकट्याचा हात खिशाकडे गेला. त्याने मधल्याकडे पाहिलं; मधला अजून पेला दोन्ही हातांनी धरून बसला होता. धाकट्याने कार्ड बाहेर काढलं, त्याची घडी घातली, जाड होतं म्हणून नीट पडली नाही, आणि त्याने ते डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

"पुढच्या वर्षी माझी पाळी," ताई सुनेला म्हणाली. "तेव्हा नीट ऐक."

---

साडेचारला मधला आईला घरी सोडायला निघाला. काकांना धाकटा नेणार होता. आईने चपला घातल्या, सगळ्यांना एकेकदा "येते हं" म्हणून झालं, आणि दोघं लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट दुसऱ्या कंपनीची होती. मधल्याने सवयीने दाराचा आवाज ऐकला, पहिल्या झटक्याला मान थोडी वाकडी केली. लिफ्ट बरी होती.

आईने त्याचा दंड धरला होता. सहा, पाच, चार. आकडे दारावर लाल उमटत गेले. तीन. दोन. एक. लिफ्ट तळाला टेकली, दार सरकलं. समोर तळमजल्याच्या फरशा, त्यांच्यावर बाहेरचं कलतं ऊन, आणि कुणाची तरी सायकल भिंतीला लावलेली.

आई हलली नाही. फरशांकडे बघत उभी राहिली.

"चौथ्याच्या वर आहोत ना रे आपण?" तिने विचारलं.

मधल्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा सरळ होता, हिशेबी.

"न्यायाधीशसाहेब म्हणतात तेच खरं," तो म्हणाला.

आधी तिचे खांदे हलले. मग त्याचे. दार बंद व्हायला लागलं, मधल्याने पाय मध्ये घातला, दार मागे गेलं, पुन्हा आलं, पुन्हा मागे गेलं. वर सहाव्यावर कुणीतरी बटण दाबत होतं, एकदा, दोनदा, मग सारखं. लिफ्ट तळाशीच होती.